एकादशी झाली, दुप्पट खाणंही झालं, पुढं काय?



या पानावर आम्ही आजवर बेणेप्रक्रिया, पाचट, हुमणी, ठिबक अशा विषयांवर लिहीत आलो. या अंकात खोडव्याच्या खतांवर लिहिण्याचा बेत होता, तो पुढच्या अंकावर ढकलला आहे. कारण असं की, मे महिन्यात मुंबईला गेलो असता आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती चारचौघांत सांगावी की नाही, या विचारात दोन महिने गेले. परवा गट ऑफिसात तिघा-चौघा सभासदांशी सहज बोलणं निघालं आणि ध्यानात आलं, की हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही. सबब लिहितो. आमची पदविका शेतकीची, डॉक्टरकीची नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

फेब्रुवारीत रक्त तपासून घेतलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आला ६.२. हा आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे माणूस उंबऱ्यावर उभा आणि ६.५ पासून पुढं मधुमेह, असा हिशेब आहे. आम्ही उंबऱ्यावर होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आणि उंबऱ्यावरची आणखी साडेतेरा कोटी माणसं असल्याचा अंदाज दिला होता. म्हणजे गर्दी काही थोडी नाही. पण गर्दीत उभं राहिलं म्हणून भीती कमी होते असं नव्हे. आमचे वडील याच आजारानं पाय गमावून बसले होते. वजन भरलं ८४ किलो. दहा किलो उतरवा, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं.

आता आहाराच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात सल्ल्यांचा काही दुष्काळ नाही. २०१८ च्या सुमाराला तर पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत एकच वाद चालायचा : दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका, मधे काही खाऊ नका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. उलट मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं, घरचं, आपल्या मातीतलं अन्न थोडं थोडं, वेळच्या वेळी खा. दोन्ही वाटांनी गेलेली आणि फायदा झालेली माणसं आमच्या पाहण्यात आहेत. आम्ही दोन जेवणांची वाट धरली.

पण गंमत अशी, की सांगितलं तेवढं करून थांबेल तो शेतकी खात्यातला माणूस कसला! आम्ही त्यात आमची भर घातली. भाकरी एकच. भात बंद, दूध बंद, फळ बंद. चहा बिनसाखरेचा, मग तोही बंद. गुळाचा खडासुद्धा नाही. (गूळ चालतो, साखर चालत नाही, असं अनेक सभासद मानतात. रक्तातली साखर वाढवण्यात गूळही कमी नाही. साखर कारखान्याचा नोकर म्हणून आम्ही हे साखरेची बाजू घेऊन सांगत नाही, दोन्हींचा हात आखडता घ्यावा एवढंच.) दहा आठवड्यांत सहा किलो उतरले. ऑफिसात कौतुक झालं, पँटीला नवीन भोक पाडावं लागलं आणि आम्ही जरा फुगलोही. फक्त रात्री झोप लागत नव्हती, चिटबॉयांवर विनाकारण ओरडणं व्हायचं आणि शिवारात उभं असताना डोळ्यांसमोर ऊस न दिसता जिलबी दिसायची. हे मात्र आम्ही कुणाला सांगितलं नाही.

हंगाम संपला. आमच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या मुलाचा साखरपुडा मे महिन्यात ठरला. आक्का आणि दाजी घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत राहतात. तिथं आपल्याकडची, घाटावरची माणसं इतकी, की गल्लीत दोन तास उभं राहिलं तर गावाकडचा एखादा तरी भेटतोच. मुलीकडची मंडळी मुलुंडची, म्हणून कार्यक्रम मुलुंडच्या एका हॉलमध्ये. आम्ही आदल्या रात्रीच्या एसटीनं निघून पहाटे पोचलो. भाचा म्हणाला, "मामा, अर्ध्यावर आलात की!" आम्हाला बरं वाटलं. दुपारी जेवण आहे म्हणून सकाळी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. पोटात जागा ठेवली, असं मनाशी म्हणत होतो.

मुहूर्त साडेबाराचा होता, पण मुंबईची गर्दी मुहूर्त पाळत नाही. पानं वाढली तेव्हा तीन वाजून गेले होते. आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. व्याही स्वतः वाटी घेऊन आले. "पहिल्यांदाच आलात, नाही म्हणू नका." एक वाटी घेतली. ती संपली आणि आमच्या मनात एक वाक्य उमटलं, ते शब्दशः लिहितो : "मोडलंच आहे, तर आता काय!" मग वाट्या चार झाल्या, पुऱ्या अकरापर्यंत मोजल्या, जिलब्या मोजल्या नाहीत.

इथपर्यंत सगळं आग्रहावर ढकलता आलं असतं. पण खरी गोष्ट रात्रीची आहे. घरातले सगळे दमून झोपले होते. आम्ही उठलो, दिवा न लावता स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रीज उघडून त्याच्या उजेडात, उभ्या उभ्या, साखरपुड्याचे पेढे खाल्ले. सात की आठ. भूक नव्हती. चवही लागत नव्हती. पोट दुखत होतं आणि हात थांबत नव्हता. तिथं आग्रह करायला कुणी नव्हतं. मागं चाहूल लागली, वळून पाहतो तर आक्का. तिनं काही विचारलं नाही. माठातलं पाणी भरून तांब्या आमच्या हातात दिला आणि झोपायला गेली. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, बाराशे एकर उसाच्या नोंदी ज्याच्या सहीनं होतात, तो डब्याचं झाकण लावत तिथंच उभा राहिला.

सकाळी भाच्याच्या वजनकाट्यावर उभं राहिलो. दोन किलो चारशे ग्रॅम वाढ! दहा आठवड्यांच्या कमाईतला मोठा हिस्सा एका दिवसात गेला, असं वाटलं. तिथल्या तिथं शिक्षा ठरवली : आजचा दिवस आणि उद्याचा दिवस, नुसतं पाणी. आक्कानं पोहे केले, नको म्हटलं. दुपारी पिठलं-भाकरी केली, नको म्हटलं. "अरे, कालचं काल गेलं. एवढं तरी खा," ती म्हणाली. आम्ही कडक चेहरा करून बसून राहिलो. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, हात थरथरायला लागले. भाचा म्हणाला, "मामा, पूर्वेला जाऊन पाय मोकळे करू." घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग गल्लीची खाऊगल्ली आहे, ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. तव्यावर लोणी सुटलेलं, डोशांचे पन्नास प्रकार, पावभाजीचा वास. काय झालं ते लांबवत नाही. पावभाजीच्या दोन थाळ्या, एक डोसा, वर कुल्फी. भाचा आधी हसत होता, मग गप्प झाला.

आपल्यात म्हण आहे ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. आम्ही ती एका दिवसात खरी करून दाखवली.

भाच्यानं तिसऱ्या दिवसाची अंधेरीतल्या मधुमेहाच्या एका डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. घाटकोपरहून अंधेरीला २०१४ सालापासून मेट्रो आहे. पूर्वी बसनं तास-दीड तास खाणारा प्रवास आता वीसेक मिनिटांचा. वाटेत आसल्फ्याच्या डोंगरावरची रंगीत घरं खिडकीतून दिसतात. इतर वेळी आम्ही ती डोळे भरून पाहिली असती. त्या दिवशी वाटत होतं, डॉक्टरांना सांगायचं काय?

डॉक्टर बाई वयानं आमच्याहून लहान. आम्ही सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. त्यांनी आमरसाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते हे :

"साखरपुड्याच्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?"

"काही नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काय जेवलात?"

"काहीच नाही. कालचं भरून काढायचं होतं ना."

"मग चूक तिथं झाली," त्या म्हणाल्या. "साखरपुड्याला जेवलात, त्याला मी चूक म्हणत नाही."

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० उष्मांक जास्त खावे लागतात. दोन किलो चारशे ग्रॅमला झाले साडेअठरा हजार. आमच्यासारख्या माणसाची दिवसाची गरज दोन हजारांच्या आसपास. म्हणजे एका दिवसात नऊ दिवसांचं जादा अन्न! "एवढं तुम्ही खाल्लंत का?" नाही खाल्लं. मग काट्यावर काय चढलं? पोटात असलेलं अन्न आणि पाणी. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत करतं, त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मीठ जास्त गेलं की आणखी पाणी धरतं. जेवण पूर्ववत झालं की हे पाणी थोड्याच दिवसांत उतरतं. याची दुसरी बाजूही त्यांनी सांगितली, ती ऐकून आमचा फुगा फुटला : पहिल्या पंधरवड्यात झपाट्यानं उतरलेल्या वजनातही पाण्याचाच वाटा मोठा असतो.

आणि भूक? ती तर आम्हीच साठवत आलो होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. ती माणसं चिडचिडी झाली, उदास झाली, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली. पुढं पोटभर जेवण मिळू लागल्यावर त्यांतले काही जण पोट फुटेस्तोवर खात आणि तरी भूक भागली असं त्यांना वाटत नसे. त्या तरुणांना काही हावरट म्हणता येणार नाही. आम्हाला शिवारात जिलबी का दिसत होती, ते तिथं कळलं.

दुसरा प्रयोग १९७५ सालचा, हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांचा. काही मुलींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीमची चव पाहायला बसवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या सदा डाएटवर असायच्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. एकदा नेम मोडला, मग धरबंध कशाला! आमचं हॉलमधलं वाक्य तेच. आम्हाला वाटलं होतं, ते आमच्याच दुबळ्या मनातून आलं.

बाई बोलत होत्या आणि आम्हाला आपलं शिवार दिसत होतं. पाटाचं पाणी उशिरा आलं म्हणून सरीत तळं साचवणारे सभासद आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. मुळाशी हवा राहत नाही, ऊस पिवळा पडतो. मग "पाणी जास्त झालं" म्हणून पुढच्या दोन पाळ्या सोडून देतात. काळी जमीन भेगाळते, पांढरी मुळं तुटतात. मग घाबरून पुन्हा तळं. त्यांच्या बांधावर उभं राहून आम्ही वीस वर्षं सांगत आलो : बाबांनो, पाणी जास्त झालं तर चर काढून निचरा करा, वाफसा येऊ द्या आणि पुढची पाळी वेळेवर, नेहमीएवढीच द्या. भिजलेल्या रानाला तहानेची शिक्षा देऊ नका. हेच आम्ही स्वतःच्या पोटाबाबत मात्र विसरलो.

बाईंनी सांगितलेलं जे ध्यानात राहिलं ते असं. जास्त खाणं झालं, की पुढचं जेवण टाळायचं नाही. वेळ झाली की जेवायचं. साधं जेवायचं : भाकरी, भाजी, आमटी, ताक. पोट जड असेल तर थोडं कमी, पण ताट घेऊन बसायचं. पाणी नेहमीसारखं. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं रमतगमत चालायचं, त्यानं रक्तातली साखर कमी चढते. पण पाप फेडायला दोन तास पळायचं नाही. आठवडाभर वजनकाट्यावर चढायचं नाही. घशात बोटं घालून ओकणं आणि जुलाबाची गोळी घेणं हे तर मुळीच नाही. त्यानं अंगातले क्षार जातात आणि ते हृदयावर बेतू शकतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्या सभासदांनी एक गोष्ट नीट वाचावी. काल गोड झालं म्हणून आज मनानं दोन गोळ्या घेणं, किंवा गोळी/इन्शुलिन घेऊन उपाशी राहणं, या दोन्हीत साखर एकदम खाली जाऊन माणूस शेतात कोसळू शकतो. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तेव्हा साखरच खायची : तीन-चार चमचे पाण्यात, ताबडतोब. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

निघताना बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. "असं चोरून खाणं पहिल्यांदाच झालं का?"

भाचा बाहेर बसला होता. आम्ही खरं सांगितलं. नाही. चैत्रात घरी दोनदा झालं होतं. मागच्या खोलीत, गुळाची ढेप आणि शेंगदाणे. सौभाग्यवतींना वाटलं, उंदीर झाले.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे आठवड्यातून एकदा तरी, तीनेक महिने होत राहिलं, हात आवरतच नाही असं वाटलं आणि मागाहून स्वतःची किळस येत राहिली, तर तो आजार धरतात. हावरटपणा म्हणून सोडून द्यायचा नाही. त्याला उपचार आहेत, ते मानसोपचारतज्ज्ञ करतात आणि माणसं बरी होतात. ज्याला तालुक्यात तसा डॉक्टर सापडत नाही, त्यानं सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा, पैसे पडत नाहीत. आमचं प्रकरण तिथवर गेलेलं नव्हतं, पण त्याच वाटेला लागलं होतं. आपल्याकडं बायाबापड्यांचे उपास आठवले. दिवसभर काही नाही आणि रात्री सगळे जेवल्यावर चुलीपाशी एकटीनं बसून काय नि किती खातात, कोण बघतं?

मेट्रोनं परत येताना भाच्यानं विचारलं, "मामा, काय म्हणाल्या?" म्हटलं, "जेवा म्हणाल्या." घरी आलो तर एक वाजला होता. आक्कानं न बोलता ताट वाढलं : दोन भाकऱ्या, वांग्याचं भरीत, कांदा, ताक. आणि ताटाच्या कडेला एक पेढा. आम्ही पाहत राहिलो. ती म्हणाली, "बसून खा. उजेडात."

तेव्हापासून एक भाकरीची दोन केली. भात थोडा सुरू केला, आठवड्यात दोन-तीनदा फळ सुरू केलं. दोन जेवणांचा नेम ठेवला आहे, फक्त त्यात आमची घातलेली भर काढून टाकली. वजन खालच्या आकड्यापेक्षा दीड किलोनं वर येऊन थांबलं, आता महिनाभर तिथंच आहे. झोप लागते. चिटबॉयांना विचारा, ओरडणं कमी झालंय की नाही. मागच्या खोलीत अजून उंदीर झालेले नाहीत. रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, आकडा काय येईल तो येवो.

आषाढीला मात्र घसरलो. साबुदाण्याची खिचडी. ती म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, उपवासाचं नाव असलं तरी रक्ताला ते कळत नाही. तीन वाट्या झाल्या. जुनं वाक्य पुन्हा मनात आलं. संध्याकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, "उद्या उपाशी का?" म्हटलं, "नाही, द्वादशीला जेवतात." आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर जेवलो.

आता श्रावण लागेल. मग गौरी-गणपती, मोदक, पुरणपोळ्या. भाच्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, त्याच मुलुंडच्या हॉलमध्ये. मुहूर्त पुन्हा साडेबाराचाच काढलाय. त्या दिवशी आम्ही आक्काकडं पोहे खाऊनच निघणार. अडचण एवढीच, की तेव्हा गळीत ऐन रंगात असेल. रजेचा अर्ज आत्ताच मुख्य शेतकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून आलो आहोत.